काचेच्या टाकीतले प्रवाळ आणि चुन्याची निवळी

शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याच्या निवळीची बाटली वर्षातून एकदोनदाच कपाटाबाहेर येते. एखादा विद्यार्थी नळीने तिच्यात फुंकर घालतो, निवळी दुधी होते, उच्छ्‌वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध होते आणि बाटली पुन्हा कपाटात जाते. हीच निवळी काचेच्या टाकीत मरू घातलेल्या प्रवाळांना औषधासारखी लागू पडली. ती का लागू पडते याचा विचार करताना समुद्राबद्दलही एक काळजीची गोष्ट ध्यानात आली. ती हकिकत आम्हाला इथे सांगायची आहे. पावणेदोनशे वर्षांच्या या हकिकतीत रसायनशास्त्रज्ञ आहेत, जीवशास्त्रज्ञ आहेत, पुष्कळ हौशी माणसे आहेत आणि आरंभी एका धर्मोपदेशकाची पत्नी व तिची मोलकरीण आहे.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. अंगठीत घालतात ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या जातीचे. ते प्रवाळांचे नातलग खरे, पण समुद्रात बेटे आणि खडकांच्या रांगा बांधणारे प्रवाळ ते नव्हेत. पाठ्यपुस्तकातला हायड्रा आठवा. तसाच एक इवलासा प्राणी, तोंडाभोवती शुंडकांचे कडे असलेला, स्वतःच स्रवलेल्या चुन्याच्या वाटीत बसला आहे अशी कल्पना करा. असे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून वाढले की प्रवाळाची वसाहत होते. उष्ण समुद्रातल्या बांधकाम करणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवालेही राहतात. दिवसा ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नातला बराच वाटा यजमानाला देतात. आज हे सहज सांगता येते. आपल्या हकिकतीतल्या पहिल्या माणसांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

१८४६ च्या शरद ऋतूत ॲना थिन या बाईंना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे वाटीच्या आकाराचे छोटे प्रवाळ मिळाले. त्यांचे पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत उच्च पदावर होते. बाईंनी प्रवाळ लंडनला न्यायचे ठरवले. प्रवासात आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवून घरी आणले. घरी पंचाईत झाली. समुद्राचे ताजे पाणी रोज कोठून आणायचे? शेवटी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि हवा खेळवायची असा उपाय निघाला. हे ओतकाम रोज अर्धापाऊण तास चाले आणि ते करी घरातली लहान मोलकरीण. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव नाही, पण पहिल्या समुद्री मत्स्यालयातला हवेचा पंप तीच होती. पुढच्या वर्षी बाईंनी शैवाल वाढलेले दगड मागवून भांड्यात ठेवले. प्रवाळ नुसते जगले नाहीत, त्यांना पिल्ले झाली. बाईंची टिपणे १८५९ मध्ये एका निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

याच सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यातले मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहत होते. कुजक्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पतींनी प्राणवायू द्यायचा, प्राण्यांनी कार्बन डायऑक्साइड द्यायचा आणि गोगलगायींनी सफाई करायची, असा हा समतोल त्यांनी १८५० मध्ये मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाटच उसळली. बहुतेक टाक्यांतले जीव काही आठवड्यांत मेले आणि दहाएक वर्षांत लाट ओसरली. समतोलाची कल्पना खरी होती, पण ती गरजेपेक्षा जास्त गोड होती असे आम्हाला वाटते. दोन गोष्टी जुळल्या की सगळे जुळले, असा समज तिने करून दिला आणि तो फार काळ टिकला.

मग थिनबाईंचे प्रवाळ कसे जगले? त्यांच्या जातीच्या शरीरात शैवाल नसते. थंड, अंधाऱ्या पाण्यात कपारीत राहायचे आणि शुंडकांनी बारीक जीव पकडून खायचे, असा तिचा संसार. तिला हवा, अन्न आणि स्वच्छ पाणी पुरे. बाईंनी योगायोगाने नेमका सोपा विद्यार्थी निवडला होता. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांना तोच उपचार केला तर ते काही आठवड्यांत पांढरे पडत आणि मरत. हवेचा प्रश्न सुटला होता, पण दुखणे हवेचे नव्हतेच.

पुढचा धागा टाकीत नाही, समुद्रात सापडला. १९२८-२९ मध्ये एक ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर, लो आयल्स या बेटांवर, वर्षभर मुक्काम करून राहिली. प्रमुख होते मॉरिस यंग. त्यांनी काही प्रवाळ झाकलेल्या पेट्यांत अंधारात ठेवले, काहींना कोमट पाण्यात ठेवले. दोन्ही प्रकारांत प्रवाळांनी आपल्या शरीरातली शैवाले बाहेर टाकली आणि ते फिकट झाले. आज प्रवाळांचे विरंजन म्हणून वर्तमानपत्रांत जे येते ते हेच. पण यंग यांनी काढलेला निष्कर्ष पाहण्याजोगा आहे. अंधारातले प्रवाळ बाहेरून अन्न दिल्यावर जिवंत राहिले. त्यावरून यंग म्हणाले की शैवाले यजमानाला अन्न पुरवत नाहीत, त्याची टाकाऊ द्रव्ये तेवढी उचलतात. प्रयोग नेटका होता, निष्कर्ष अपुरा ठरला. उपाशी न मरणे आणि वाढणे यांत फरक असतो.

तो फरक दाखवणारे काम जपानी संशोधक सिरो कावागुती यांनी केले. पॅसिफिकमधल्या पालाउ बेटांवरच्या जपानी केंद्रात त्यांनी काम केले होते. १९४४ मध्ये त्यांनी ही शैवाले कोणत्या गटातली आहेत ते ओळखले आणि १९४८ मध्ये सहकाऱ्यासह दाखवून दिले की प्रवाळाचा चुना साठवण्याचा वेग उजेडात वाढतो. १९५८ मध्ये अमेरिकेत लेनर्ड मस्कटाइन आणि कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शैवालाने केलेले अन्न यजमानाच्या ऊतींत जाते याचा थेट पुरावा दिला. त्यांचा प्राणी समुद्रपुष्प होता, म्हणजे प्रवाळांचा जवळचा भाऊबंद. १९५९ मध्ये टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शिअमचा उपयोग करून सांगाडा बनण्याचा वेग मोजला. उजेडात तो कित्येक पट जास्त भरला.

आता घरातल्या टाकीकडे परत येऊ. दुपारच्या उन्हात समुद्राच्या पृष्ठभागावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो काही शे लक्स असतो. डोळा सरावतो म्हणून आपल्याला खोली उजळ वाटते. प्रवाळाच्या दृष्टीने तिथे तिन्हीसांजा झालेल्या असतात. टाकीतले प्रवाळ अर्धपोटी मरत होते, आणि मालक मात्र पाण्यात हवेचे बुडबुडे वाढवत होता.

जकार्ताचे ली चिन एंग यांनी दिव्यांच्या वाटेला न जाता निराळाच मार्ग धरला. १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली ‘निसर्गाची पद्धत’ सांगितली. समुद्रातून आणलेले जीवांनी भरलेले दगड टाकीत ठेवायचे, सूर्यप्रकाश येऊ द्यायचा, हवेचे थोडे बुडबुडे सोडायचे आणि बाकी काही करायचे नाही. त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते. युरोप-अमेरिकेत अनेकांनी हे करून पाहिले, पण सर्वांना साधले नाही. उत्तरेकडचे हिवाळी ऊन आणि जकार्ताचे ऊन सारखे नव्हे, आणि जहाजाने वा विमानाने गेलेल्या दगडांवरचे निम्मे जीव वाटेतच मेलेले असत. पण दगडांचे गुपित खरे होते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट व मग नायट्रेट करतात. साध्या वाळूच्या गाळणीत गाडी इथेच थांबते आणि नायट्रेट साठत जाते. सच्छिद्र दगडाच्या आतल्या भागात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू करून सोडतात. ली चिन एंग यांच्या टाकीत दगडच गाळणी होते.

जर्मनांनी यात फेसाची भर घातली. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे ढीग लागतात ते आपण पाहतो. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, म्हणून तो फेस टिकतो. एका उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडून तयार झालेला फेस वरच्या वर काढून टाकला, तर घाण कुजण्यापूर्वीच टाकीबाहेर जाते. ही युक्ती १९६० च्या दशकापासून रूढ होत गेली. त्यानंतर मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे आले.

हवा झाली, उजेड झाला, सफाई झाली. तरीही टाकीतले फांद्यांचे प्रवाळ काही महिने बरे दिसत आणि मग बुडापासून कातडी मागे सरू लागे. खाली पांढरा उघडा सांगाडा दिसायचा आणि वर टोकाला जिवंत भाग. माशांना काही होत नसे. पाणी नितळ असे. हे कोडे पुष्कळांना छळत राहिले.

स्वित्झर्लंडचे पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात सांगितलेला उपाय अगदी घरगुती वाटावा असा होता. टाकीतले जेवढे पाणी बाष्पीभवनाने उडते, तेवढी चुन्याची निवळी रोज थेंब थेंब घालायची. प्रवाळ चुन्याचे घर बांधतो, त्याला चुना द्या. पण मग साधे कॅल्शिअम क्लोराइड का चालत नव्हते? त्यातही कॅल्शिअम असतेच की! इथे थोडा हिशेब करावा लागेल आणि तो दहावीच्या वर्गात फळ्यावर करण्यासारखा आहे.

समजा टाकीत २०० लिटर समुद्राचे पाणी आहे. एका लिटरमध्ये साधारण ०.४१ ग्रॅम कॅल्शिअम, म्हणजे टाकीत ८२ ग्रॅम. प्रवाळाला लागणारा दुसरा कच्चा माल म्हणजे बायकार्बोनेट. ते लिटरला सुमारे ०.१४ ग्रॅम, म्हणजे टाकीत अवघे २८ ग्रॅम. आता प्रवाळाने १० ग्रॅम सांगाडा बांधला. कॅल्शिअम कार्बोनेटचा रेणुभार १००, म्हणून त्यात कॅल्शिअम गेले ४ ग्रॅम. कॅल्शिअमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन मिळून एक कॅल्शिअम कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे बायकार्बोनेट गेले सुमारे १२ ग्रॅम. ८२ मधून ४ गेले तर काय बिघडते? पण २८ मधून १२ गेले तर कोठार जवळजवळ अर्धे रिकामे. मालक कॅल्शिअम मोजत होता, ते ठीक दिसत होते, आणि संपत होते दुसरेच. कॅल्शिअम क्लोराइड कितीही ओतले तरी बायकार्बोनेट वाढणार नव्हते.

निवळी दोन्ही देते. तिच्यातला कॅल्शिअम हायड्रॉक्साइड पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शिअम बायकार्बोनेट होतो आणि प्रवाळाला हवे त्याच प्रमाणात दोन्ही माल मिळतो. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने पाण्याचा सामूही सावरतो. सामू म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याची पट्टी. समुद्राचा तो ८.१ च्या आसपास असतो. निवळी स्वतः फार तीव्र अल्क आहे, सामू १२ च्या वर. ती भसकन ओतली तर प्रवाळच काय, मासेही मरतील. म्हणून ती थेंब थेंब आणि शक्यतो रात्री द्यायची, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो.

हे सगळे परीक्षानळीत दाखवता येते. निवळीत फुंकर घालताना ती दुधी झाल्यावर आपण थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. (विद्यार्थ्यांना निवळी तोंडात न ओढण्याची ताकीद मात्र आधी द्या.) थोड्या वेळाने दुधी रंग विरू लागतो आणि द्रावण पुन्हा नितळ होते. कॅल्शिअम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट झाले. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने चुना विरघळतो, एवढे त्या नळीत डोळ्यांना दिसते. पुढे जर्मनीत याच दुसऱ्या अर्ध्या प्रयोगाचे यंत्र झाले. बंद नळकांड्यात प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचा चुरा भरायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि विरघळून आलेले द्रावण टाकीला पुरवायचे. मोठ्या टाक्यांत नुसती निवळी पुरत नाही. लिटरभर पाण्यात चुना दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, आणि घालायची ती उडालेल्या पाण्याइतकीच.

जिवंत दगड, फेस काढणारे नळकांडे, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी या चार गोष्टी बर्लिनच्या हौशी मंडळींनी १९८० च्या दशकात एकत्र आणल्या. त्यांच्यातल्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत एका दगडावर आलेला फांदीदार प्रवाळाचा बारीकसा ठिपका इतका वाढला की त्याच्या फांद्या तोडून मित्रांत वाटल्या गेल्या आणि त्यांची मूळ वसाहत जर्मनीभर पसरली. जास्वंदीची फांदी शेजारी द्यावी तसे प्रवाळ देता येतात, हे लोकांना प्रथमच दिसले.

आज जाणकार माणूस आजारी प्रवाळ पाहतो तेव्हा तो वैद्यासारखा प्रश्न विचारतो. सगळी वसाहत एकदम फिकट झाली आहे का? मग पाणी तापले असेल, किंवा दिवे अचानक प्रखर झाले असतील. रंग जाऊन तपकिरी मळकटपणा आला आहे? मग उजेड कमी पडतो आहे किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढून आतली शैवाले बेसुमार झाली आहेत. बुडापासून कातडी सरकते आहे? बायकार्बोनेट मोजा, आणि आजचा आकडा गेल्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहा, कारण वर-खाली हेलकावेही तितकेच वाईट. माशांच्या रोगावर कुणी मोरचुदासारखे तांब्याचे औषध घातले होते का? माशांना तारणारे तांबे अपृष्ठवंशीयांना विष असते. आणि एक नियम सर्वांना लागू: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाबरून चार उपाय एकदम केले की प्रवाळ वाचला तरी कशाने वाचला ते कळत नाही, आणि मेला तर कशाने मेला तेही नाही.

इथवर गोष्ट घरच्या टाकीची होती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाची प्रचंड काचबंद इमारत आहे. तिच्यात लाखो लिटरचा एक कृत्रिम समुद्र प्रवाळांसह बांधला होता. १९९१ ते १९९३ या काळात माणसे आत कोंडून घेऊन राहिली, तेव्हा आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड फार वाढला आणि त्या समुद्राचे पाणी सावरण्यासाठी रसायने घालावी लागली. नंतर ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी त्याच समुद्राचे रसायन मुद्दाम बदलून पाहिले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष स्पष्ट होता: पाण्यातले कार्बोनेट कमी झाले की प्रवाळांच्या समूहाचा चुना साठवण्याचा वेगही घटतो. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड खऱ्या समुद्रातही विरघळतो आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सामूची पट्टी लघुगणकी आहे. हायड्रोजन आयन पाव पटीहून अधिक वाढले असा त्याचा अर्थ. टाकीचा मालक निवळी थेंब थेंब सोडू शकतो. समुद्राला ती कोण पुरवणार? शिवाय समुद्र तापतो आहे तो वेगळाच. यंग यांनी कोमट पाण्याच्या भांड्यात जे पाहिले ते १९९८ मध्ये जगभर दिसले, आपल्या लक्षद्वीपलाही.

आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. २००१ मध्ये सर्व खडक-बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यामुळे आपल्या समुद्रातला प्रवाळ काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. सहलीला गेलेल्या मुलांना हे आधीच सांगावे, कारण किनाऱ्यावर सापडलेला पांढरा तुकडा खिशात घालण्याचा मोह शिक्षकांनाही होतो.

टाकीतल्या प्रवाळांनी एक गोष्ट मात्र फार काळ दिली नव्हती. फांदी तोडून ते वाढत, पण समुद्रात जसे वर्षातून ठरावीक रात्री एकदम अंडी व शुक्रपेशी सोडतात, तसे काचेमागे ठरवून घडवता येत नव्हते. महाप्रवाळभित्तीवरच्या त्या सामूहिक बीजोत्सर्गाचे वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी टाक्यांवरचे तापमान, दिवसाची लांबी आणि उन्हाची तीव्रता मूळ जागेच्या वर्षचक्राप्रमाणे फिरवली, आणि दिव्यांनी चंद्रही वाढवला-घटवला. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या प्रवाळांपैकी चार जातींनी तिथे बीजोत्सर्ग केला; तो निबंध २०१७ मध्ये आला. थिनबाईंची मोलकरीण ज्या शहरात पाणी ओतत उभी राहायची, तेच हे शहर. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, हॉर्निमनच्या मदतीने फ्लोरिडातल्या एका मत्स्यालयात स्तंभप्रवाळाने टाकीत अंडी सोडली. फ्लोरिडाच्या समुद्रातून एका रोगाने ही जात जवळजवळ पुसून टाकली आहे. तिथे जन्मलेल्या पिल्लांची टाकी सांभाळणाऱ्यांना रोज सकाळी आधी पाण्याची तपासणी करावी लागते.